डिकीचे लिटर, दिव्याचे वॅट आणि एक मापाची टेप

प्रॉडक्ट फोटोग्राफीचं काम थोडं वाढलं की एक दिवस असा येतो, की वस्तू तुमच्याकडे येत नाही, तुम्हालाच वस्तूकडे जावं लागतं. फर्निचर, यंत्रं, दागिने, काचेच्या नाजूक वस्तू, यांचे मालक माल हलवायला सहसा तयार नसतात. मग दिवे, स्टँड, पार्श्वभूमीच्या कागदाचा रोल, ट्रायपॉड असं सगळं गाडीत भरून निघायचं आणि परक्या खोलीत तासाभरात प्रकाश उभा करायचा. म्हणून गाडी आणि दिवे हे वरवर दोन वेगळे खर्च दिसले, तरी मला तो एकच निर्णय वाटतो.

आणि दोन्ही ठिकाणी विक्रेता जो आकडा पुढे करतो, तो आपल्या फारसा कामाचा नसतो. गाडीच्या माहितीपत्रकात डिकीचे लिटर ठळक छापलेले असतात, दिव्याच्या खोक्यावर वॅट. आपल्याला हवी असते लांबी, रुंदी आणि अंतर. तेव्हा सगळ्यात आधी पाच मीटरची मापाची टेप घ्या. ती दुकानातही लागेल आणि शूटवरही.

क्रम मात्र पक्का ठेवा. आधी दिवे, मग गाडी. गाडी आधी घेतली की तिच्यात मावेल तेवढंच सामान घ्यायची सवय लागते, आणि पहिली काट बसते ती नेमकी मोठ्या, मऊ प्रकाशाच्या साधनांवर.

वॅट कमी चालतात, पृष्ठभाग कमी चालत नाही

सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर आहे. तरीही निरभ्र दुपारी सावलीची कड धारदार पडते, कारण पृथ्वीवरून तो आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो. ढग आले की प्रकाश अख्ख्या आभाळातून येऊ लागतो आणि सावली विरघळते. म्हणजे प्रकाश मऊ की कडक, हे दिव्याच्या ताकदीवर ठरत नाही. वस्तूच्या जागी बसून पाहिलं, तर तो दिवा किती मोठा दिसतो यावर ठरतं.

६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (दिव्यापुढे लावायची पांढऱ्या कापडाची पेटी) वस्तूपासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर तो वस्तूच्या मानानं प्रचंड मोठा दिवा आहे. तोच २.४ मीटरवर नेला की चौपट लहान दिसतो आणि सावल्या टोकदार होतात. नवीन माणूस बहुधा इथंच चुकतो. फ्रेममध्ये येऊ नये म्हणून दिवा मागे नेतो, मग प्रकाश कमी पडला म्हणून जास्त वॅटचा दिवा आणतो. खरं तर दिवा फ्रेमच्या कडेला अगदी चिकटेपर्यंत जवळ आणायचा असतो.

वॅटचा हिशेबही करून पाहा. इतर सगळं सारखं धरलं, तर ६० आणि १०० वॅटच्या एलईडीमधला फरक एका स्टॉपहूनही कमी भरतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). वस्तू हलत नाही आणि कॅमेरा ट्रायपॉडवर आहे, तर शटर अर्धा सेकंद उघडं ठेवलं की तो फरक केव्हाच भरून निघतो. म्हणून सुरुवातीला मी फ्लॅशऐवजी सतत जळणारा एलईडी घ्यायला सांगेन. दिवा हलवताना प्रकाश कसा बदलतो हे डोळ्यांना लगेच दिसतं आणि शिकणं फार लवकर होतं. द्रव उडताना टिपायचा असेल, मॉडेलच्या हातात वस्तू द्यायची असेल, तेव्हा फ्लॅश लागेल. तो नंतर घ्या.

सुरुवातीला एवढं पुरतं: बोवेन्स माउंटचे दोन एलईडी, म्हणजे पुढे सॉफ्टबॉक्स बदलता येतात. ६० × ९० सेंटिमीटरचा एक सॉफ्टबॉक्स. साधारण मीटरभर लांबी-रुंदीची एक चौकट आणि तिच्यावर ताणायला पांढरं डिफ्यूजन कापड किंवा ट्रेसिंग पेपर. दोन साधे स्टँड आणि एक सी-स्टँड (आडवा दांडा लावता येणारा जड स्टँड), कारण वस्तूच्या डोक्यावरून दिवा आडवा धरायचा तर साधा स्टँड कलंडतो. पांढरे आणि काळे फोमबोर्ड, मिळतील तेवढे. क्लॅम्प, गॅफर टेप, अर्थिंग असलेला एक्स्टेन्शन बोर्ड. वजनासाठी पिशव्या घ्या. तो खर्च टाळू नका. स्टँडचा एक पाय दिव्याच्या वजनाच्या दिशेनं ठेवायचा आणि पिशवी पायावर अशी टांगायची, की ती जमिनीवर नुसती लोळणार नाही, तिचा भार स्टँडवर येईल. पडलेला स्टँड दिवाच फोडत नाही, दुसऱ्याची वस्तूही फोडतो.

दिवे निवडताना एक आकडा मात्र पाहाच, तो म्हणजे सीआरआय, दिव्याच्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचं माप. ९५ किंवा त्याहून जास्त हवा. त्याखाली लाल आणि त्वचेसारखे रंग मेल्यासारखे येतात आणि ते नंतर कितीही ओढाताण केली तरी नीट होत नाहीत. दोन्ही दिवे एकाच कंपनीचे आणि एकाच मॉडेलचे घ्या. दोघांवर ५६०० केल्व्हिन, म्हणजे दिवसाच्या उजेडाचा रंग, लिहिलेलं असलं, तरी एक किंचित हिरवा आणि दुसरा किंचित गुलाबी असू शकतो.

पहिली मांडणी

खोली अंधारी करण्यापासून सुरुवात करा. पडदे लावा, छताचे दिवे बंद करा. कॅमेरा मॅन्युअल मोडवर, आयएसओ १००, छिद्र एफ/८ ते एफ/११. मग आपले दिवे लावण्याआधी, पुढे वापरणार आहात त्याच शटरवर एक फोटो काढा. तो काळा आला पाहिजे. त्यात काही दिसत असेल, तर परका प्रकाश आत येतोय. तो वेगळ्या रंगाचा असतो, आणि खिडकीतून येत असेल तर ढगागणिक बदलतो. छताचे दिवे बंद करता येत नसतील तर झगमग सांभाळा. ५० हर्ट्‌झच्या विजेवर असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि वेगवान शटरला फोटोत आडवे पट्टे येतात. १/५०, १/१०० किंवा त्याहून संथ शटर ठेवलं की पट्टे जातात. ६० हर्ट्‌झच्या देशांत हेच १/६० आणि १/१२० होतं.

दिव्याच्या आधी कॅमेरा ठरवा. वस्तू कुठून दिसणार हे पक्कं झाल्याशिवाय प्रकाश लावणं म्हणजे मेहनत दोनदा करणं. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ ते १०० मिलिमीटरची लेन्स घ्या आणि थोडं लांब उभे राहा. जवळून रुंद लेन्सनं काढलं, की डब्याच्या पुढच्या कडा फुगतात आणि मागच्या आक्रसतात.

कागद वरून टांगून टेबलावर मोकळ्या वळणानं सोडा. घडी पडू देऊ नका. वस्तू त्या वळणापासून जमेल तेवढी पुढे ठेवा, याचं कारण पुढे येतंय.

आता एकच दिवा. सॉफ्टबॉक्स वस्तूच्या एका बाजूला, थोडा वर आणि थोडा मागच्या अंगाला. कॅमेऱ्याच्या बाजूनं, समोरून टाकलेला प्रकाश वस्तू सपाट करतो. बाजूनं किंवा मागून आलेला प्रकाश पोत दाखवतो, कडा उठवतो. कापडाची वीण, लाकडाची रेघ, चामड्याचे बारीक कण हे सगळं तिरप्या प्रकाशातच दिसतं. इथं घाई करू नका. दिवा घड्याळाच्या काट्यासारखा वस्तूभोवती थोडा थोडा फिरवत दहा-बारा फोटो काढा आणि एका रांगेत लावून पाहा. कुठलाही धडा वाचण्यापेक्षा हा अर्धा तास जास्त शिकवतो. मी अजूनही अनोळखी वस्तू समोर आली की हेच करतो.

मग सावलीच्या बाजूला पांढरा फोमबोर्ड उभा करा. तो जवळ आणला की सावली उजळते, लांब नेला की गडद होते. बऱ्याच वस्तूंना दुसरा दिवा लागतच नाही. सावली हवीहवीशी वाटत असेल, तर पांढऱ्याच्या जागी काळा बोर्ड लावा, ती आणखी खोल होईल.

आता पार्श्वभूमी. प्रकाशाचा नियम असा, की अंतर दुप्पट झालं की प्रकाश एक चतुर्थांश उरतो. दिवा वस्तूपासून ६० सेंटिमीटरवर आणि मागचा कागद दिव्यापासून १२० सेंटिमीटरवर असेल, तर कागदाला वस्तूपेक्षा दोन स्टॉप कमी प्रकाश मिळतो आणि पांढरा कागद राखाडी दिसतो. २४० सेंटिमीटरवर चार स्टॉप कमी, म्हणजे जवळपास काळपट. मोठा सॉफ्टबॉक्स अगदी जवळ असेल, तर हा हिशेब तंतोतंत लागू पडत नाही, प्रकाश जरा सावकाश उतरतो. पण दिशा तीच राहते. म्हणून वस्तू पुढे घ्यायला सांगितलं. अंतर असलं की पार्श्वभूमीचा रंग तुमच्या हातात येतो.

शुभ्र पांढरी पार्श्वभूमी हवी असेल, तरच दुसरा दिवा काढा आणि तो फक्त कागदावर टाका. ऑनलाइन विक्रीत ती बरेचदा लागते. ॲमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी आरजीबी २५५, २५५, २५५ असावी आणि वस्तूनं ८५ टक्के चौकट भरावी, असा नियम आहे. कागद वस्तूपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ झाला की थांबा. जास्त केलात तर मागचा उजेड वस्तूच्या कडा खाऊन टाकतो आणि लेन्समध्ये धुकं आल्यासारखं होतं.

शेवटी त्याच प्रकाशात ग्रे कार्डचा (ठरावीक राखाडी रंगाच्या कार्डाचा) एक फोटो घ्या आणि व्हाइट बॅलन्स त्यावरून ठरवा. दोन सेकंदांचा टायमर लावून फोटो काढा. मग पडद्यावर पूर्ण मोठा करून धूळ आणि बोटांचे ठसे शोधा. शूटच्या आधी दोन मिनिटं सुती हातमोजे घालून वस्तू पुसली, की नंतर कॉम्प्युटरसमोरचा तास वाचतो.

चकचकीत वस्तू: आरशाची युक्ती

मॅट वस्तू शिकायला दोन दिवस लागतात. चकचकीत वस्तूंना वेळ द्यावा लागतो, कारण तिथं आपण वस्तूचा फोटो काढतच नसतो, तिच्यात दिसणाऱ्या खोलीचा काढत असतो.

एक छोटा आरसा घ्या. वस्तूचा जो भाग कॅमेऱ्याला दिसतो, त्या जागी, त्याच तिरपेपणानं तो ठेवा आणि लेन्सच्या जागेवरून आरशात पाहा. तिथं छत दिसलं तर फोटोत छत येणार. तुमचा शर्ट दिसला तर शर्ट येणार. आता त्या दिसणाऱ्या जागेत पांढरा बोर्ड किंवा ट्रेसिंग पेपरची चौकट आणा. आरसा कडेपर्यंत पांढरा भरला की तो काढून वस्तू ठेवा. प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो, एवढंच यामागचं शास्त्र आहे. पण आरशाशिवाय तो कोन अंदाजानं गाठायला नवीन माणसाला फार झगडावं लागतं.

धातू पांढरा दिसतो तो त्यात पांढरं काही दिसतं म्हणून. नुसता पांढराच दाखवला तर स्टीलची बाटली कागदाची वाटते. म्हणून फ्रेमच्या बाहेर दोन्ही कडांना काळ्या बोर्डाच्या अरुंद पट्ट्या उभ्या करा. बाटलीला लगेच बाह्यरेषा मिळते आणि धातू धातूसारखा दिसू लागतो. उजेडाकडून अंधाराकडे हळूहळू उतरणारी छटा हवी असेल, तर ट्रेसिंग पेपरच्या मागचा दिवा पेपरच्या जवळ आणा. मध्यभाग उजळतो, कडा मावळतात. दिवा मागे नेला की सगळा पेपर सारखा उजळतो. महागड्या जाहिरातींतल्या घड्याळांवर आणि अत्तराच्या बाटल्यांवर जी रेशमी छटा दिसते, ती बहुतेक वेळा एवढ्यानंच साधते.

पारदर्शक काचेला समोरून प्रकाश टाकूच नका. काचेची कड दिसली तर काच दिसते. त्यासाठी दोन रस्ते आहेत. पहिला, मागे उजळ पांढरा पडदा, फक्त फ्रेमपुरता, आणि फ्रेमच्या बाहेर दोन्ही बाजूंना काळे बोर्ड. काचेच्या कडा काळ्या रेषांनी उठतात. दुसरा याच्या उलट. उजळ पडद्याच्या पुढे, फ्रेम जेमतेम भरेल एवढा काळा बोर्ड लावा, म्हणजे त्याच्या चारही बाजूंनी उजेड डोकावतो आणि काळ्यावर काचेच्या कडा पांढऱ्या चमकतात. बाटलीत रंगीत द्रव असेल, तर बाटलीच्या आकाराहून किंचित लहान पांढरं किंवा चंदेरी कार्ड कापून तिच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही असं टेकवा. द्रव आतून पेटल्यासारखा दिसतो.

पोलरायझर फिल्टर प्लास्टिक, वॉर्निश, काच यांवरची चकाकी घालवतो, तीही कॅमेऱ्याचा कोन जुळला तरच. उघड्या धातूवरची चकाकी नुसत्या फिल्टरनं जात नाही.

आता गाडी

सगळं सामान जमलं की ते पिशव्यांत भरा आणि जमिनीवर गाडीत रचाल तसं रचा. त्या ढिगाची लांबी, रुंदी, उंची टेपनं मोजून लिहून ठेवा. त्यातली सगळ्यात लांब वस्तू वेगळी लिहा. गाडी बहुतेक वेळा तिच्यावरच ठरते. पाय न निघणारा ४० इंची सी-स्टँड घडी करूनही साधारण १.३ मीटर भरतो. कागदाचे रोल १.३५ आणि २.७२ मीटर रुंदीचे येतात. टेबलावर मावणाऱ्या वस्तूंना लहान रोल पुरतो. २.७२ मीटरचा रोल बहुतेक छोट्या गाड्यांत सरळ मावत नाही, आणि तिरका दाबून बसवला तर कडा चेंगरतात. असा एक अख्खा रोल मी वाया घालवला आहे. चेंगरलेल्या कडेची लाट उलगडताना आतपर्यंत येत राहते. मोठं फर्निचर हेच तुमचं काम असेल, तर टपावर कॅरियर आणि रोलसाठी कडक नळी असा विचार करा, नाहीतर छोटी व्हॅन.

डिकीचे लिटर का फसवतात, तेही समजून घ्या. जर्मनीत रूढ झालेल्या व्हीडीए पद्धतीत २०० × १०० × ५० मिलिमीटरचे, म्हणजे बरोबर १ लिटरचे ठोकळे डिकीत रचून ते मोजतात. चाकामागच्या कोनाड्यात चार ठोकळे बसले, तर चार लिटर वाढले. तुमचा सॉफ्टबॉक्स त्या कोनाड्यात बसणार नाही. सेडानची ४५० लिटरची डिकी कागदावर मोठी, पण तिचं तोंड अरुंद असतं आणि कित्येकदा मागची सीट पडत नाही. ३०० लिटरच्या हॅचबॅकमध्ये सीट पाडली की लांब सामान सहज जातं. माझं मत स्पष्ट आहे, या कामासाठी सेडान नको. हॅचबॅक, एस्टेट (मागे लांब वाढवलेली गाडी) किंवा मागे उभं दार असलेली चौकोनी गाडी घ्या.

शोरूममध्ये टेप घेऊन जा आणि पुढची सीट आधी तुमच्या चालवण्याच्या जागेवर सरकवा. मग मागच्या दारापासून त्या सीटपर्यंतची लांबी मोजा. सीट पुढे ढकलून मोजलेली लांबी खोटी असते. चाकांच्या उंचवट्यांमधली रुंदी मोजा. दार उघडल्यावरच्या तोंडाची रुंदी आणि उंची मोजा, कारण आत जागा असून उपयोग नाही, पेटी तोंडातून गेली पाहिजे. मागची काच फार तिरकी असेल, तर उंच पेटी ठेवून दार लागतं का हेही पाहा. लांबी थोडी कमी पडत असेल तर कर्ण आठवा. १.३ मीटर लांब आणि १ मीटर रुंद जागेत कोपऱ्यातून कोपऱ्यात साधारण १.६ मीटरची बारीक वस्तू बसते. शक्य असेल तर ढिगाच्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं घडी करून न्या आणि तिथंच उघडून ठेवून पाहा. विक्रेत्याला हे विचित्र वाटलं तरी चालेल.

डिकीचा उंबरठा जमिनीपासून किती वर आहे ते पाहा, आणि आतली जमीन उंबरठ्याच्या बरोबरीनं आहे की खोल. दिवसाला दोनदा चढवणं-उतरवणं आणि प्रत्येक वेळी दहा-बारा नग, असा हिशेब केला की दहा सेंटिमीटरचा फरक कमरेला कळतो. मागची सीट ६०:४० अशी तुकड्यात पडत असेल, तर एका बाजूनं स्टँड जातात आणि दुसरीकडे मदतनीस बसतो. हे नसेल तर मी ती गाडी सोडून देईन. गॅसवर चालणारी गाडी घेत असाल, तर टाकी कुठं आहे ते बघा. ती डिकीत असेल तर वरचा सगळा हिशेब बदलतो.

वजनासाठी, गाडीच्या परवानगीच्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. उरेल त्यात माणसं आणि सामान दोन्ही धरायचं असतं. पूर्ण भारासाठी टायरमध्ये किती हवा हवी, हे बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. इंजिन, रंग, पडद्याचा आकार यांवर सल्ला देणारे खूप भेटतील, इथं त्यात शिरत नाही.

गाडीतल्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर शूट करता येईल असं समजू नका. त्याचा फ्यूज १० अँपिअरचा असेल तर जास्तीत जास्त १२० वॅट मिळतात. लॅपटॉप चार्ज होईल, दोन दिवे चालणार नाहीत. काही विजेच्या गाड्यांत बाहेरचं उपकरण चालवायची सोय असते. उघड्यावर, वीज नसलेल्या ठिकाणी काम असेल, तर ती सोय खरंच मोलाची आहे.

भरणं आणि उतरवणं

जड नग खाली आणि सीटच्या पाठीला टेकवून ठेवा, पट्ट्यानं हुकांना बांधा. ताशी ५० किलोमीटर वेगानं आदळणं म्हणजे जवळजवळ १० मीटर उंचीवरून पडणं. सात-आठ किलोचा सी-स्टँड मोकळा असेल, तर अपघातात तो त्याच वेगानं पुढच्या माणसांच्या डोक्याकडे येतो. सीटच्या पाठीपेक्षा उंच रचायचं असेल, तर मध्ये जाळी लावा.

स्टेपनी डिकीच्या तळाशी असेल, तर पंक्चर झाल्यावर सगळं सामान रस्त्यावर काढावं लागेल. त्यासाठी एक मोठी ताडपत्री घडी करून वरच ठेवा. पावसातही तीच लागते.

उन्हात उभ्या गाडीत लिथियम बॅटऱ्या सोडू नका. बंद गाडी बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. बॅटऱ्यांची टोकं झाकून त्या सोबत न्यायच्या पिशवीत ठेवा. गॅफर टेपही त्याच पिशवीत ठेवा, उष्णतेनं तिचा गोंद पाझरतो आणि नंतर चिकटलेल्या जागी डाग सोडतो.

पोचल्यावर जे आधी लागतं ते शेवटी भरायचं. मी या क्रमानं उतरवतो: ताडपत्री, एक्स्टेन्शन बोर्ड, स्टँड, कागद, दिवे, बोर्ड, आणि कॅमेऱ्याची बॅग. गाडीत एसी जोरात असेल किंवा बाहेर कडाक्याची थंडी असेल, आणि शूटची खोली उबदार, दमट असेल, तर बॅग लगेच उघडू नका. गार लेन्सवर बाष्प धरतं आणि आतल्या काचांवरचं बाष्प पुसता येत नाही. तासभर बॅग बंदच राहू द्या. तेवढ्यात कागद टांगून होतो, स्टँडवर वजनं चढतात आणि आरसा घेऊन पहिल्या वस्तूचे कोनही पाहून होतात.